मांडीवरचा डबा

रविवार, १ मार्च

नातीला कंपनीने दोन कोऱ्या वह्या फुकट दिल्या. वर फुलाचं चित्र, आत ओळी. रोज मनात येईल ते लिहीत जा म्हणजे मन हलकं होतं, असं तिथे श्वास घ्यायला शिकवणाऱ्या श्वासवाल्याचं म्हणणं. एक वही तिने स्वतःला ठेवली आणि दुसरी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ही वही मी काय टेबलाच्या हलत्या पायाखाली घालू? ती म्हणाली, "तू बोल, मी लिहिते."

तर लिही. शब्द गाळायचा नाही आणि पदरचा घालायचा नाही.

आम्ही घरात दोघीच. लेक-जावई बदलीच्या गावी. नात फ्रिज आणि वॉशिंग मशिन विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार केंद्रात लागलीय. तिथे लोक दिवसभर फोनवरून शिव्या देतात आणि फोन घेणाऱ्याने 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व' म्हणायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वर्षात बाराजण नोकरी सोडून गेले, तेव्हा वरच्या लोकांनी डोकं चालवलं. चार माणसं जास्त घ्यावीत असं काही सुचलं नाही. उरलेल्यांचं मन सांभाळायला एक मुलगी नेमावी असं सुचलं. ती मुलगी म्हणजे आमची नात.

दर बुधवारी एक तास. आधी श्वास, मग कला, मग मन मोकळं करणं. असे सहा बुधवार. नीट पार पडले तर एप्रिलअखेर पोरगी कायम. नाहीतर घरी, माझ्या डोक्याशी.

कलेसाठी मातीकाम शिकवणारी एक बाई ठरवली होती. चाचणीच्या दिवशीच तिची माती बेसिनमध्ये गेली आणि तीन मजल्यांचं पाणी तुंबलं. आता चिखल न करणारी कला पाहिजे म्हणून नात दोन दिवस माझ्याकडे बघत बसलीय. मी चाळीस वर्षं लाँड्रीच्या मागच्या खोलीत रफू केलं. सिगारेटने पडलेली भोकं, उंदरांनी कुरतडलेले कोट.

"ती कला आहे?" मी विचारलं.

"आजपासून आहे," ती म्हणाली.

बुधवार, ४ मार्च

तिसऱ्या मजल्यावरची मीटिंगची खोली. काचेची भिंत, म्हणजे आत मन मोकळं करताना बाहेरच्यांना दिसावं. दहाजण आले. सगळ्यांच्या केसांत हेडफोनची खाच पडलेली, टोपी घालून झोपल्यासारखी.

श्वासवाला दाढी विंचरून आला होता. त्याने छोटी घंटा वाजवली आणि म्हणाला, श्वास आत येतोय त्याच्याकडे बघा, बाहेर जातोय त्याच्याकडे बघा. माझं वय सत्त्याहत्तर, आजवर एकदाही न बघता तो बरोबर येतोय-जातोय. पण मी बघितलं. शेजारचे मास्तर बघता बघता घोरायला लागले. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. नव्यांना फोनवर बोलायला तेच शिकवतात म्हणून मास्तर.

रफूला सगळ्यांनी घरून फाटकं आणलं होतं. शिवणीच्या आतून त्याच कापडाचा धागा काढा, उभे धागे भोकावरून न्या, मग आडवा, एकावरून एकाखालून, असं मी सांगितलं. अर्ध्या तासात दोन बोटं टोचली आणि एक बाही रुमालाला शिवली गेली. ते काम एका बारीक मुलीचं. तिच्या गालात कायम घशाची गोळी असते, आवाज बसलेला. तिला मी घसा म्हणते. ती म्हणाली, "आजी, दिवसातून सत्तर फोन. घरी गेल्यावर मी खाणाखुणा करते. नवऱ्याला वाटतं, मी रागावलेय."

"मग सुखी असेल," मी म्हटलं.

शेवटी चिठ्ठ्या. मनावर काय ओझं आहे ते लिहायचं, नाव घालायचं नाही. श्वासवाल्याने तिथेच एकेक उघडून मोठ्याने वाचली. दहाच्या दहा: 'सगळं छान आहे.' मास्तरांनी 'पंखा आवाज करतो' एवढी भर घातली होती.

नातीने परतताना सांगितलं. तिचे साहेब तिला म्हणाले, असल्या चिठ्ठ्या वर काय दाखवू? या साहेबांना मी लांबून पाहिलं. गुळगुळीत माणूस, माशी बसली तर घसरेल.

शनिवार, ७ मार्च

मीच तोड काढली. म्हटलं, वाचणारा समोर बसला तर लिहील कोण? डबा माझ्याकडे दे. मला एक अक्षर येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तो मांडीवर ठेवून घरी आणीन, आपण चिठ्ठ्या बादलीत भिजवून लगदा करू. कुणाचं मन कुणाच्या दृष्टीस पडणार नाही.

ती माझ्या गळ्यात पडली. पुष्कळ दिवसांनी.

बुधवार, ११ मार्च

आज लेखण्या पळाल्या.

मी उभी राहिले आणि सांगितलं, "पोरांनो, मी अंगठेबहाद्दर. बिस्किटांचा हा डबा माझ्या मांडीवरून हलणार नाही. लिहा काय लिहायचं ते. मला शिव्या दिल्यात तरी मला त्या नक्षी वाटतील." हसले सगळे. मग खोलीत फक्त कागदाचा आवाज. घशाने दोन्ही बाजू भरल्या आणि आणखी कागद मागितला. मास्तरांनी चष्मा पुसला, लिहिलं, पुन्हा पुसला.

मी डबा घेऊन एकेकापाशी गेले. डबा अरुंद आणि उभट, त्यामुळे चिठ्ठीवर चिठ्ठी अशी नीट चळत बसली. मग रफूला बसलो तर हातही हलके झालेले. घशाची बाही रुमालापासून सुटली.

घरी नातीने बादली भरली. म्हणाली, "तू बस, मी भिजवते." मग सहज विचारलं, "आजी, सुरुवात कुणापासून केलीस?"

मला विसर पडतो असं तिला वाटतं. मी सगळं सांगितलं. दाराजवळचे मास्तर पहिले, मग चष्मेवाली, मग तो उंच, असं करत खिडकीपाशी शेवटी घसा. दहाही जण बसल्या जागेसकट. ती म्हणाली, "तुझी स्मरणशक्ती म्हणजे कमाल आहे." आहेच. ज्याला लिहिता येत नाही त्याला लक्षात ठेवावं लागतं.

सोमवार, १६ मार्च

साहेबांनी नातीला चहाला बोलावलं. काम उत्तम चाललंय, असंच चालू द्या, एप्रिलची काळजी करू नका, असं म्हणाले. घरी येऊन तिने सांगितलं, पण तोंड असं की दाढ दुखतेय. मी लवंग दिली.

बुधवार, १८ मार्च

तिसरा वर्ग. श्वासवाल्याच्या कोटाच्या कोपराला भोक होतं. त्याने कोट माझ्याकडे हळूच दिला आणि एक सबंध तास घंटा वाजवायची विसरला. सगळ्यांचे श्वास घंटेवाचून चालले.

मास्तरांनी नातवाच्या सदऱ्याच्या पाठीला पडलेलं भोक असं बुजवलं की मलाही शोधावं लागलं. म्हणाले, "आजी, बत्तीस वर्षं मी लोकांची भोकं तोंडाने बुजवतोय. हाताने पहिल्यांदा."

"तोंडाने बुजवलेलं धुण्यात टिकत नाही," मी म्हटलं.

डबा भरला.

सोमवार, २३ मार्च

घशाला आज घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणून. कुणी गिऱ्हाईक फार घाण बोललं की ती लाइन तुटल्यासारखं करून फोन कापायची आणि जिन्यात जाऊन दहापर्यंत मोजायची. साहेबांना हे कळलं. फोन कापणं म्हणजे तिथे मोठा गुन्हा, नोकरी जाते. मास्तरांनी फोन करून मला सांगितलं. तिचा नवरा महिनाभर बिनकामाचा घरी आहे, आणि तिचं बोलणं तर बंदच.

कुणीतरी तिच्या रांगेतल्यानेच चुगली केली असणार. आता लिही, नीट लिही: ज्याने हे केलं त्याला मी समोर बसवीन आणि विचारीन, तुझ्या हाताला हे शोभलं कसं. असल्या माणसाच्या घरी कुणी पाणीही पिऊ नये.

काय झालं, थांबलीस का? शाई संपली म्हणते.

(आजी, हे तू सांगितलेलं नाही. शाई संपलेली नाही. चिठ्ठ्या मी भिजवल्या, पण आधी टाइप केल्या. साहेबांनी मागितल्या होत्या. नावं नाहीत म्हणून मला वाटलं, कुणाला काही होणार नाही. मग ते म्हणाले, कुणी कोणत्या क्रमाने डब्यात चिठ्ठी टाकली तेवढं सांग. मी तुला विचारलं आणि त्यांना सांगितलं. हे तुला वाचता येणार नाही म्हणून इथे लिहितेय. तोंडाने सांगायचं धाडस नाही.)

बुधवार, २५ मार्च

आजचं अक्षर वेगळं दिसेल. लिहितेय शेजारची निवृत्त नर्स. तिचं अक्षर डॉक्टरांच्या संगतीने बिघडलंय.

वर्गाला सहाजण आले. डबा फिरवला तर सहाही कोऱ्या चिठ्ठ्या पडल्या. कोरं मला ओळखता येतं. मास्तर मागे थांबले. म्हणाले, "आजी, राग नाही धरत. पण त्या मुलीने ती गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती. एकाच ठिकाणी लिहिली होती."

"डबा माझ्या मांडीवरून हलला नाही," मी म्हटलं.

"इथून नाही हलला," ते म्हणाले.

मी डबा खाली ठेवला. डब्याला राखणदार नेमला तो न वाचणारा, आणि नेऊन ठेवला तो वाचणारीच्या घरात. ही अक्कल सगळ्यांची मिळून, पण सुचली मला.

नर्सला म्हटलं, ही वही वाच, पहिल्यापासून. तिने वाचली. मी जे जे बोलले ते सगळं जसंच्या तसं होतं. 'सुरुवात कुणापासून केलीस' हेसुद्धा. पोरीने आपल्याविरुद्धची साक्ष आपल्याच हाताने उतरवून ठेवली होती. मग कंसातलं आलं. नर्स वाचता वाचता थांबली. म्हणाली, "पुढे वाचू का?" मी म्हटलं, वाच, इंजेक्शन देताना थांबायचीस का?

कुंपणानेच शेत खाल्लं. आणि क्रम कुणी सांगितला? मी. वर आपल्या स्मरणशक्तीची फुशारकी मारली.

नर्स विचारते, आता काय करणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चहा करणार.

शुक्रवार, २७ मार्च

पुन्हा नात लिहितेय. तिला सांगितलं, नर्सचं अक्षर तिचं तिलाच लागत नाही, तूच बस.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी मिठाएवढं बोललो. आज मीच म्हटलं, "कंसातलं वाचून घेतलं."

तिने भांडी घासायची थांबवली नाहीत. म्हणाली, "मला कायम व्हायचं होतं."

"झालीस?"

"पत्र तयार आहे. साहेबांनी महिनाभर आधीच काढलं. एकतीसला सही."

"आणि तिचं?"

"तिचंही. तीस एप्रिलपासून कामावरून कमी."

मी म्हटलं, उद्या येते आणि तुझ्या गुळगुळीताला खडबडीत करते. ती म्हणाली, ते तुला भेटणार नाहीत, खालचा रखवालदारच बसवून ठेवील. मग नळ बंद केला आणि माझ्याकडे न बघता बोलली, "आपल्या घरात कंपनीचं मशिन आहे. तू गिऱ्हाईक आहेस. गिऱ्हाइकाने केलेली तक्रार त्याने स्वतः 'समाधान झालं' म्हटल्याशिवाय मिटत नाही. सात दिवस उघडी राहिली की आपोआप वर, साहेबांच्याही वरच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर जाते. साहेबांना ती अडवता येत नाही."

"त्यात तुझं नाव येईल."

"हो."

मशिनच्या मागे वाकून तिने तक्रारीला लागणारा मशिनचा नंबर कागदावर उतरवला आणि माझ्या चष्म्याच्या घरात ठेवला. चष्मा मी वाचायला लावत नाही, सुईत दोरा ओवायला लावते, पण रोज लावते.

सोमवार, ३० मार्च

नातीने आज सुट्टी टाकली आणि फोन लावून दिला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईने अकरा वेळा सांगितलं. इतका महत्त्वाचा तर उचल की. मध्ये वाजंत्री.

"नमस्कार, तक्रार केंद्र. मी आपली काय मदत करू?" मास्तरांचा आवाज.

"मास्तर, मी हो."

"ग्राहक, इथे ओळख चालत नाही. कॉल रेकॉर्ड होतो."

"होऊ दे. त्यासाठीच केलाय."

मग त्यांनी विचारलं, तक्रारीचा प्रकार कोणता. यंत्र बंद पडतं, आवाज करतं की गळतं? मी म्हटलं, गळतं लिहा. काय गळतं? मी सांगितलं, तुमच्या कंपनीने माणसांना मन मोकळं करा म्हणून बसवलं, कुणी वाचणार नाही असा शब्द माझ्या तोंडून दिला, आणि चिठ्ठ्या वाचून एकीला घरी बसवलं. शब्द माझा होता. माझा शब्द फाटलाय. तो दुरुस्त करून पाहिजे.

मास्तर टाइप करत होते, ते ऐकू येत होतं. मग हळू आवाजात म्हणाले, "चिठ्ठ्या बाहेर कुणी दिल्या, ते रकान्यात भरावं लागतं. नाव नसलं तर तक्रार पुढे जात नाही."

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची भोकं झाकली. माझ्या घरातलं भोक असं उघडून दाखवायला जीभ वळेना. मी म्हटलं, नाव आठवत नाही. म्हातारी आहे, विसरते.

नातीने माझ्या हातून फोन घेतला. पूर्ण नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, चिठ्ठ्या मागणाऱ्या साहेबांचा हुद्दा सांगितला. तारखा सांगितल्या. आवाज अगदी सरळ, बातम्या सांगितल्यासारखा. मास्तर म्हणाले, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व." नेहमीचंच वाक्य. पण म्हणताना अडखळले.

गुरुवार, २ एप्रिल

नातीच्या पत्रावर सही झाली नाही. ते पत्र कपाटात गेलं.

साहेब रोज फोन करतात. परवा आजी म्हणाले, काल माताजी, आज आई. एवढ्या वेगाने नातं वाढवणारा माणूस मी पाहिला नव्हता. मशिनला पाच वर्षं मोफत सर्व्हिसिंग देतो म्हणाले, फक्त समाधान झालं म्हणा. मी विचारलं, कपडे कोण वाळत घालणार? त्यांनी वरच्यांना विचारून सांगतो म्हटलं.

सोमवार, ६ एप्रिल

सात दिवस झाले. दुपारी मोठ्या बाईंचा फोन. त्या सगळं वाचून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या नातीने हे करायला नको होतं." मी म्हटलं, नकोच होतं. तिला मी ते सांगितलंय, तुमच्या आधी. पण तिच्याकडून मागून घेणाऱ्याला कोण सांगणार?

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं समाधान कशात आहे?"

मी म्हटलं, घशाला तिची खुर्ची परत द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा. नातीसाठी काही मागितलं नाही. मागावंसं वाटलं, पण तिने मान हलवून नको म्हटलं. समोरच उभी होती, हातातला कपडा पिळत. कोरडा होता.

बुधवार, १५ एप्रिल

निकाल असा. घसा परत खुर्चीवर. चिठ्ठ्या बंद. साहेबांना सहा आठवडे श्वासवाल्यापुढे एकट्याने बसवलंय, रोज अर्धा तास. श्वासवाला म्हणतो, त्यांचा श्वास आत येतो, पण बाहेर पडायला तयार नसतो. नात कायम झाली नाही. मन सांभाळायची जागाच रद्द केली. तिला म्हणाले, राहायचं तर फोन घ्या, तीन महिने शिकाऊ म्हणून. तिने हेडफोन घेतला. खुर्ची मिळाली ती खिडकीजवळची, घशाच्या शेजारची. दुसरी रिकामी नव्हती. रोज आठ तास त्या कोपराला कोपर लावून बसतात आणि घसा तिच्याकडे बघत नाही. नातीने माफी मागितली, पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर. घसा म्हणाली, "ऐकलं," आणि पुढचा फोन घेतला.

आज अकरा वाजता मला फोन आला. बसलेला आवाज.

"नमस्कार, तक्रार केंद्रातून बोलतेय. आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. आपलं समाधान झालं का?"

तिच्या मागून आणखी एक आवाज येत होता. कुणाला तरी म्हणत होता, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा. पलीकडचा फारच तोंडाळ असावा.

मी विचारलं, "शेजारणीला शिव्या पडतायत वाटतं?"

"पडतायत."

"कशी घेते?"

"फोन कापत नाही," घसा म्हणाली. मग म्हणाली, "टेबलाखाली बोटांवर दहापर्यंत मोजते."

"तू काही बोलतेस तिच्याशी?"

"आजी, मला इथे दोनच बटणं आहेत. समाधान झालं, किंवा नाही झालं."

"अर्धं झालंय."

"अर्ध्याचं बटण नाही."

"मग 'नाही' दाब."

"नाही दाबलं तर मला उद्या परत फोन करावा लागतो. परवाही. तुम्ही हो म्हणेपर्यंत रोज."

"कर की. पण सकाळी नको, संध्याकाळी सातनंतर कर. शिकाऊंना सहाला सोडतात, तेव्हा पोरगी घरी असते, आणि फोन तीच उचलते."

पलीकडून नातीचं चौथं क्षमस्व ऐकू आलं. मला वाटलं, घसा फोन कापणार. मग बटण दाबल्याचा आवाज आला आणि घसा म्हणाली, "सात वाजून दहा मिनिटांनी करते. सातला माझी पाळी संपते."